फ्लास्कमधला रंग आणि गुडघ्यातली कळ

पाल्याच्या फिकट पिवळ्या काढ्यात सिल्व्हर नायट्रेटचं नितळ द्रावण ओतलं की आधी काहीच होत नाही. मग हळूहळू पिवळा रंग गडद होऊ लागतो आणि काही तासांत फ्लास्कमध्ये कोऱ्या चहासारखा तपकिरी रंग दिसतो. चांदीऐवजी सोन्याचा क्षार घेतला असेल तर कोकमाच्या सरबतासारखा लालजांभळा. धातूचे नॅनोकण तयार झाल्याची ही पहिली खूण. कडुनिंब, तुळस, कोरफड, हळद, निर्गुडी, शेवगा, अशा शेकडो वनस्पतींच्या पाल्यातून, सालीतून, मुळांतून असे कण काढल्याचे शोधनिबंध आज उपलब्ध आहेत. त्यांतल्या बऱ्याच निबंधांच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य येतं: हे कण वेदनाशामक म्हणून उपयोगी ठरू शकतील.

या 'शकतील'मध्ये आज किती बळ आहे, ते मला इथे तपासायचं आहे.

नव्या वेदनाशामकाची गरज खरी आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. औषधांच्या दुकानात वेदनेच्या गोळ्यांची फळी भरलेली दिसते, पण त्या गोळ्यांची घराणी मोजकीच आहेत. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही एकाच घराण्यातली. ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लॅंडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं आणि त्यासाठी १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं. पण हीच प्रोस्टाग्लॅंडिनं जठराचं अस्तर राखतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. पोटाला सोसतील अशा नव्या गोळ्या आल्या, तर त्यांतली रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ साली बाजारातून काढून घ्यावी लागली. दुसरं घराणं अफूचं. त्याच्या व्यसनाने अमेरिकेत घातलेला धुमाकूळ सर्वांना ठाऊक आहे. गुडघे झिजलेल्या, रोज जिना चढून कामावर जाणाऱ्या बाईला महिना-दोन महिन्यांसाठी नाही, पुढची वीस वर्षं पुरेल असं काहीतरी हवं असतं. तिच्या बाजूने पाहिलं की या विषयातल्या ढिलाईचा राग येतो, आणि आशाही सोडवत नाही.

ही कणांची विद्या जुनी आहे. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली लंडनमध्ये सोन्याचं माणिकरंगी द्रावण करून दाखवलं आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो, असं सांगितलं. त्यांच्या काही बाटल्या तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेल्या आहेत. वनस्पतींकडून असे कण करून घेण्याचा विचार मात्र या शतकातला. २००२ साली अमेरिकेतल्या एल पासो इथल्या विद्यापीठात होर्हे गार्देआ-तोरेस्दे यांच्या गटाने लसूणघासाच्या जिवंत रोपांत सोन्याचे नॅनोकण तयार होतात, हे दाखवलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत या विद्येला वेग दिला तो पुण्याने. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००३ साली जिरेनियमच्या पानांच्या अर्कातून चांदीचे कण केले. २००४ साली कडुनिंबाच्या पाल्यातून सोन्याचे, चांदीचे आणि दोन्हींचे मिळून कण झाले. त्याच वर्षी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण निघाले, तो निबंध 'नेचर मटेरियल्स'मध्ये आला आणि जगभर वाचला गेला. पुढे चिंचेचा पाला आणि आवळाही झाला. आपल्या परसातली ही झाडं, आणि काम पहिल्या दर्जाचं. त्या निबंधांत प्रश्न एकच होता: कण असा का बनतो, त्याचा आकार कशाने ठरतो? वेदना बरी करण्याचा दावा त्यांत नव्हता. ही शिस्त मला मोलाची वाटते, कारण पुढच्या लोंढ्यात तीच पहिल्यांदा वाहून गेली.

फ्लास्कमध्ये घडतं ते असं. पाल्यातली फिनॉलं, फ्लॅव्होनॉइडं, काही साखरा आणि प्रथिनं चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतात. आयनाचा धातू होतो, धातूचे अणू एकत्र येतात आणि कण वाढू लागतो. मग वनस्पतीतलीच काही द्रव्यं त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि कणांना एकमेकांत गोळा होऊ देत नाहीत. म्हणजे तयार झालेला कण नुसता धातूचा नसतो. आत चांदी आणि वरून वनस्पतीचा लेप, असा तो असतो. आकार साधारण १ ते १०० नॅनोमीटर. केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या घरात जाते, त्यावरून अंदाज यावा. एक सेंटिमीटरचा धातूचा ठोकळा १० नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत चिरला तर त्याचं क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटरवरून ६०० चौरस मीटरवर जातं. सगळी आशा या पसरलेल्या पृष्ठभागावर उभी आहे. निर्गुडीतली सूज उतरवणारी द्रव्यं पाण्यात नीट विरघळत नाहीत, आतड्यातून पुरती शोषली जात नाहीत. ती कणाच्या पाठीवर बसून दुखऱ्या जागी पोचली तर थोड्या मात्रेत काम होईल, असा हा तर्क आहे. तर्क म्हणून तो चांगलाच आहे.

धातूचीही स्वतःची बाजू आहे, आणि ती सोन्याच्या बाबतीत सगळ्यांत भक्कम आहे. फ्रान्समध्ये झाक फोरेस्तिए यांनी १९२९ साली संधिवाताच्या रुग्णांना सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं दिल्याचे निष्कर्ष मांडले. त्यांच्या मनात संधिवात आणि क्षय यांचं नातं होतं. ती कल्पना चुकीची निघाली, पण औषध लागू पडलं. पुढची पन्नासेक वर्षं सोन्याची इंजेक्शनं हा आमवाती संधिवाताचा मान्य उपचार होता आणि १९८५ साली अमेरिकेत ऑरॅनोफिन हे पोटात घ्यायचं सोन्याचं औषधही मंजूर झालं. अंगावर पुरळ, मूत्रपिंडाचा त्रास, रक्तपेशी घटणं या कारणांनी ही औषधं मागे पडली. पण ही सगळी सोन्याची संयुगं होती, सोन्याचे कण नव्हेत. कणांचा माणसांवरचा प्रयोग म्हणून १९९७ सालचा एक अमेरिकी निबंध वारंवार उद्धृत होतो. त्यात जुनाट संधिवाताच्या दहा रुग्णांना कलिल सोनं, म्हणजे द्रवात विखुरलेले सोन्याचे सूक्ष्म कण, पोटातून दिलं आणि त्यांना बरं वाटलं. दहाच रुग्ण होते, तुलनेचा गट नव्हता, आणि सोनं वनस्पतीतून काढलेलं नव्हतं. वेदनेच्या बाबतीत तुलनेचा गट नसणं फार महागात पडतं, कारण नुसती साखरेची गोळी घेऊनही अनेकांची वेदना खरोखर उतरते.

इथे भस्मांचा विषय येतोच. सुवर्णभस्म, ताम्रभस्म, यशदभस्म ही रसशास्त्रातली औषधं वनस्पतींच्या रसात घोटून आणि भट्टीत पुन्हा पुन्हा पुटं देऊन केली जातात. भस्म बोटाच्या रेषांत शिरलं पाहिजे, पाण्यावर तरंगलं पाहिजे, त्याची चकाकी गेलेली असली पाहिजे, अशा त्याच्या कसोट्या आहेत. सुवर्णभस्मात साधारण ५६-५७ नॅनोमीटरचे सोन्याचे कण आढळल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. १९९८ साली दिल्लीतल्या संशोधकांनी सुवर्णभस्म आणि युनानीतलं सोन्याचं औषध उंदरांना दिलं, तेव्हा वेदना शमवण्याचा परिणाम दिसला. नॅलोक्सोन दिल्यावर तो रोखला गेला. नॅलोक्सोन अफूचा परिणाम उतरवतं, म्हणजे हे सोनं कुठेतरी शरीरातल्या अफूसारख्या द्रव्यांच्या वाटेने काम करत असावं. हा प्रयोग मला फार आवडतो. परिणाम दिसला एवढ्यावर न थांबता तो कुठल्या वाटेने आला, हे त्यांनी विचारलं. पुढच्या कित्येक निबंधांत हा साधा प्रश्न आलेलाच नाही. भस्म आणि फ्लास्कमधला कण एक नव्हेत, हेही स्पष्ट सांगायला हवं. एक भट्टीतून निघतो, दुसरा कोमट पाण्यातून, आणि दोन्हींच्या पृष्ठभागावर वेगळी द्रव्यं असतात. शिवाय धातूची औषधं नीट तपासली नाहीत तर काय होतं, ते बॉस्टन परिसरातल्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांच्या २००४ सालच्या तपासणीत दिसलं आहे. १४ उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

आता मुख्य पुराव्याकडे. सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रयोग अंड्याच्या पांढऱ्याचा. अल्ब्युमिनच्या द्रावणात कण मिसळायचे, ते तापवायचं आणि किती गढूळ झालं ते प्रकाशमापकावर मोजायचं. गढूळपणा कमी म्हणजे प्रथिनं बिघडली नाहीत, आणि प्रथिनं बिघडली नाहीत म्हणजे दाह कमी, असा हा हिशोब. डायक्लोफिनॅक या प्रयोगात यशस्वी ठरतं, म्हणून जे जे यात यशस्वी ठरेल ते डायक्लोफिनॅकसारखं, असं मानलं जातं. चांदीच्या कणांच्या बाबतीत हा हिशोब दोन ठिकाणी फसतो. चांदीचे कण स्वतःच प्रकाश शोषतात आणि विखुरतात, त्यामुळे यंत्रावरचा आकडा त्यांच्यामुळेही बदलतो. शिवाय ते अल्ब्युमिनला घट्ट चिकटतात, तेही प्रथिनाच्या वर्तनात ढवळाढवळ करतं. मुळात अंड्याच्या पांढऱ्याला गुडघा नाही, मज्जातंतू नाही आणि मेंदूही नाही. एवढ्या एका प्रयोगावर 'वेदनाशामक' हा शब्द निबंधाच्या शीर्षकात घालणं मला अन्याय्य वाटतं, कारण तो शब्द दुखणं असलेला माणूस वाचत असतो.

उंदरांवरचे प्रयोग पुष्कळ पुढचे. उंदराच्या पोटात सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल टोचलं की तो पोट आवळतो, मागचे पाय ताणतो. अशा पिळा किती आल्या ते ठरावीक मिनिटांत मोजतात. दुसऱ्या प्रयोगात त्याला ५५ अंशांच्या आसपास तापवलेल्या पाटीवर ठेवतात आणि तो पाय चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंत किती सेकंद गेले ते पाहतात. तिसऱ्यात पंजात फॉर्मॅलिन टोचतात. पहिली पाचेक मिनिटं वेदना थेट मज्जातंतूंची असते, पंधरा मिनिटांनंतरची बरीचशी दाहाची. समुद्री शेवाळातून काढलेलं कॅराजीनन टोचून पंजा सुजवायचा आणि सूज मोजायची, हा चौथा. या चारही प्रयोगांत वनस्पतींतून केलेल्या चांदीच्या, सोन्याच्या, जस्ताच्या ऑक्साइडच्या कणांनी परिणाम दाखवल्याचे निबंध आहेत. सूज उतरण्याचे पुरावे त्यांत सर्वांत जास्त आहेत आणि सर्वांत पटण्यासारखेही. रोमानियातल्या क्लुज इथल्या संशोधकांनी २०१४ साली एल्डरबेरीच्या फळांतून चांदीचे कण केले. ते त्वचेच्या पेशींवर, उंदराच्या सुजलेल्या पंजावर आणि सोरायसिस झालेल्या माणसांच्या त्वचेवर तपासले. तैवानमध्ये २००७ साली सोन्याचे कण उंदरांच्या संधिवात झालेल्या सांध्यात टोचले, तेव्हा सांध्याचा दाह उतरला, आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं प्रथिन हे कण बांधून ठेवतात, असं कारणही मांडलं गेलं. तो प्रयोग वनस्पतींच्या कणांचा नव्हता, पण कशाला कारण म्हणायचं ते त्यात पाहायला मिळतं.

आणि इथेच या सगळ्या वाङ्मयाचं दुखणं आहे. परिणाम दिसला, पण तो कोणाचा?

निर्गुडीच्या पाल्यातून केलेल्या चांदीच्या कणांनी उंदराच्या पिळा कमी झाल्या, असं समजू. हे निर्गुडीनेच केलं असेल. निर्गुडीचा नुसता अर्कही सूज उतरवतो, आणि फ्लास्कमधून कण नीट धुतले नसतील तर तो अर्क तिथेच असतो. हे कणातून सुटणाऱ्या चांदीच्या आयनांनी केलं असेल. हे कणांनी केलं असेल, पण वरच्या लेपाशिवाय, म्हणजे कुठल्याही रासायनिक पद्धतीने केलेल्या कणांनीही तेच केलं असतं. किंवा हे खरोखर चांदी आणि निर्गुडी यांच्या जोडीने केलं असेल, आणि मग तेवढंच नवं असेल. ही चार उत्तरं वेगळी करायची तर किमान चार गट हवेत: कण, तेवढाच अर्क, तेवढीच विरघळलेली चांदी आणि रासायनिक पद्धतीने केलेले, सिट्रेट लेपाचे तेवढ्याच आकाराचे कण. शिवाय पाण्याचा गट आणि डायक्लोफिनॅकचा गट. मी वाचलेल्या बहुतेक निबंधांत पाणी, डायक्लोफिनॅक आणि कण एवढेच गट आहेत. कधी अर्काचा गट असतो, आयनांचा क्वचित.

आणखीही गोष्टी आहेत. पिळांचा प्रयोग फार हळवा आहे. स्नायू सैल करणारी औषधंही त्यात वेदनाशामकासारखी दिसतात. कण आणि आम्ल दोन्ही पोटाच्या एकाच पोकळीत टोचले तर ते तिथेच एकमेकांना भेटतात, आणि परिणाम औषधाचा की त्या भेटीचा हे कळत नाही. तापलेल्या पाटीवर उंदीर उशिरा पाय चाटतो तो वेदना कमी म्हणून, की गुंगीत आहे म्हणून? फिरत्या दांड्यावर तो तोल सांभाळतो का, हे पाहिलं की याचं उत्तर मिळतं, आणि हा तपास जुना, सोपा आणि स्वस्त आहे. पाल्याच्या काढ्यातून जिवाणूंचे अंश कणांना चिकटून आले असतील तर ते स्वतःच दाह वाढवतात किंवा शरीराला आधीच सावध करून निकाल बिघडवतात. आणि पाला कुठल्या महिन्यातला, कुठल्या जमिनीतला? श्रावणातल्या आणि वैशाखातल्या पाल्यात फिनॉलांचं प्रमाण सारखं नसतं, मग कण सारखे कसे होतील? एका प्रयोगशाळेतला कण दुसरीत हुबेहूब करता येत नसेल, तर त्याला औषध म्हणायचं कसं?

धातूंचे काही मार्ग मात्र खरोखर आशादायक आहेत, म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. जस्ताचं उदाहरण घ्या. मज्जारज्जूत वेदनेचा संदेश वाढवणारा एनएमडीए नावाचा ग्राहक (रिसेप्टर) आहे. त्याच्या एका घटकाला जस्त अगदी सूक्ष्म प्रमाणात चिकटतं आणि त्याला आवर घालतं. जस्त वेदना कमी करतं ते याच जागी चिकटून, हे २०११ साली उंदरांच्या जनुकात ती जागा बदलून दाखवलं गेलं. जस्ताच्या ऑक्साइडचा कण पेशीच्या आम्लधर्मी कप्प्यात विरघळतो आणि जस्त सोडतो. म्हणजे तो जस्ताचा हळूहळू रिकामा होणारा साठा ठरू शकतो. पण तेच जस्त एकदम जास्त सुटलं तर पेशी मारतं. मात्रेची ही चिंचोळी पट्टी नेमकी कुठे आहे, हे शोधायला हवं.

शरीरात गेलेल्या कणाचं पुढे काय होतं, हा भाग अनेक निबंध दोन ओळींत उरकतात. रक्तात शिरताच कणावर रक्तातल्या प्रथिनांचा थर चढतो आणि वनस्पतीचा लेप त्याखाली झाकला जातो किंवा बदलला जातो. मग यकृत आणि प्लीहेतल्या पेशी त्याला परका समजून गिळतात. गुडघ्याकडे निघालेला बराचसा माल यकृताच्या नाक्यावरच उतरतो. सोनं तिथे महिनोन्‌महिने राहू शकतं. चांदी वर्षानुवर्षं पोटात घेतली तर त्वचा निळसर राखाडी होते आणि तो रंग जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली कलिल चांदीची दुकानी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत, असा नियम केला. तरीही ती इंटरनेटवर सर्रास विकली जातात. वनस्पतीतून केला म्हणून कण निर्धोक होत नाही. 'हरित' हा शब्द तो कसा बनवला एवढंच सांगतो. शिवाय औषध रुग्णाच्या शरीरातच थांबत नाही. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक गिधाडांच्या मूत्रपिंडांत कसं पोचलं, हे आपण पाहिलं आहे. २००६ साली भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. चांदी तर पाण्यातल्या जिवाणूंना थेट मारते. रोज हजारो लोकांच्या अंगावरून धुऊन जाणाऱ्या चांदीच्या मलमाचा हिशोब आधीच व्हायला हवा.

मग रुग्णापर्यंत काय पोचलं आहे? वनस्पतीतून केलेला धातूचा एकही नॅनोकण आज कुठल्याही मोठ्या औषध नियामकाने वेदनेसाठी मंजूर केलेला नाही. पण सूक्ष्म कण आणि वनस्पती या दोन्ही वाटा वेगवेगळ्या चालून गेलेली माणसं आहेत. मिरचीतलं कॅप्सेसिन कुठल्या ग्राहकाला चिकटतं हे डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली शोधलं, ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी २००९ साली नागीण होऊन गेल्यावर राहणाऱ्या वेदनेसाठी अमेरिकेत मंजूर झाली आणि २०२१ साली ज्युलियस यांना नोबेलही मिळालं. बुपिवाकेन हे बधिर करणारं औषध मेदाच्या सूक्ष्म बुडबुड्यांत भरून शस्त्रक्रियेच्या जखमेत हळूहळू सोडण्याची पद्धत २०११ साली मंजूर झाली, आणि डायक्लोफिनॅकची बारीक दळलेली, कमी मात्रेची कॅप्सूल २०१३ साली. या तिन्हींत कोणतं द्रव्य, किती, कुठून सुटतं आणि कुठे जातं हे आधी मोजलं गेलं. भारतातही जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ साली नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध केली आहेत. कणाचा आकार, विद्युतभार, शुद्धता, टिकाऊपणा, विषारीपणा, काय काय तपासायचं ते त्यांत आहे. ती संशोधन करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेबलावर असावीत, असं मला मनापासून वाटतं.

माझी आशा त्वचेवर आहे. पोटातून किंवा शिरेतून दिलेला कण यकृताने अडवला जाणारच. पण सांध्यावर लावायचं मलम, जखमेवरची पट्टी, तोंडातल्या व्रणावरचं जेल, इथे कण जिथे हवा तिथेच ठेवता येतो, थोडा लागतो आणि नको झाला तर पुसताही येतो. चांदीच्या पट्ट्या जळलेल्या जखमांसाठी कित्येक वर्षं वापरात आहेत, त्यामुळे त्वचेवरच्या चांदीचे धोके आपल्याला बरेचसे माहीत आहेत. क्लुजच्या संशोधकांनी तोच मार्ग धरला, हे उगाच नाही.

औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात यंदा कुणी पदव्युत्तर विद्यार्थिनी निर्गुडीचा पाला घेऊन बसली असेल, तर तिने आणखी एक नवी वनस्पती शोधू नये. एकाच झाडाचा पाला वर्षभर, महिन्यामहिन्याला तोडावा, त्यातल्या एका ठरलेल्या द्रव्याचं प्रमाण मोजावं आणि मगच कण करावेत. ते तीनदा धुवावेत. उंदरांचे सहा गट करावेत, आणि पिंजऱ्यावरच्या खुणा कुठल्या गटाच्या आहेत हे पिळा मोजणाऱ्याला कळू देऊ नये. त्या सहांत विरघळलेल्या चांदीचा गट आणि नुसत्या अर्काचा गट असलाच पाहिजे. निर्गुडीच्या अर्काने कणांइतक्याच पिळा कमी केल्या, असं आढळलं, तर तेही तिने तितक्याच ठळकपणे छापावं. मग निदान एवढं तरी कळेल, की गुडघ्यावर पाला शेकून बांधणाऱ्या माणसांना त्यात चांदी घालायची गरज आहे की नाही.